हॅशटॅगची आरोळी आणि खटल्याची तारीख

वाचकहो, गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या समाजात चळवळीचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. कोठे अन्याय घडला की त्या अन्यायाचे एका शब्दात नामकरण होते. त्या शब्दाच्या आरंभी दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचे चिन्ह लागते. मग तो शब्द या मोबाईलवरून त्या मोबाईलवर, या शहरातून त्या शहरात वणव्यासारखा पसरतो. दोन दिवस त्याच शब्दाचा घोष चालतो. तिसऱ्या दिवशी क्रिकेटचा सामना असतो किंवा नटाचे लग्न असते, आणि तो शब्द मागे पडतो. यालाच हॅशटॅगची चळवळ असे म्हणतात.

या चिन्हाचा जन्म फार साधा आहे. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी असे सुचविले की, ट्विटरवर एकाच विषयासंबंधीचा मजकूर एकत्र सापडावा म्हणून विषयाच्या शब्दापुढे हे चिन्ह लावावे. ग्रंथालयातील पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी डकवतात ना, तेवढेच त्याचे काम होते. आज त्या चिठ्ठीलाच पुस्तक समजण्याची पाळी आली आहे!

या चिन्हाची टवाळी करावी, असा आमचा हेतू मुळीच नाही. म्हाताऱ्या माणसांनी तरुणांच्या साधनांना नावे ठेवावीत, हा आपल्याकडील जुनाच रोग आहे. परंतु हाक देणे हे एक काम आहे व हाकेनंतर जागेवर उभे राहणे हे दुसरे काम आहे. पहिले केल्याने दुसरेही झाले, असा जो समज आमच्या सुशिक्षित तरुणांत वाढीस लागला आहे, तो आम्हाला अत्यंत घातक वाटतो. या समजाची किंमत कोण देतो, हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे वाचकांच्या ध्यानात येईल.

प्रथम या साधनाचे ऋण मान्य केले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावी भोतमांगे कुटुंबातील चौघांची गावाने मिळून हत्या केली. आई, मुलगी आणि दोन मुले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या वृत्तपत्रांना त्या हत्याकांडाचे खरे स्वरूप दिसावयास जवळजवळ महिना लागला. नोव्हेंबरात नागपूर, अमरावतीचे रस्ते पेटले, तेव्हा कोठे या देशाला खैरलांजी नावाचे गाव आहे हे कळले. ट्विटर त्याच साली जन्माला आले होते, पण खैरलांजीला त्याचा काय उपयोग! बातमी देणारे दुसरे, छापणारे दुसरे, आणि बातमी कशाला म्हणावयाचे ते ठरविणारेही दुसरेच.

ही स्थिती काही नवी नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. ज्याच्या हाती छापखाना त्याच्या हाती जग, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच 'मूकनायक' बंद पडल्यावर 'बहिष्कृत भारत', त्यानंतर 'जनता', आणि शेवटी १९५६ साली 'प्रबुद्ध भारत', अशी पत्रांची मालिकाच त्यांनी अपुऱ्या पैशांनिशी चालविली. ज्या समाजाला एक जाहिरात छापून मिळत नव्हती, त्या समाजातील खेड्यातल्या मुलाच्या खिशात आज छापखानाच आला आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने प्राण दिला. त्याचे अखेरचे पत्र देशभर पोहोचविण्यास कोणत्याही संपादकाची परवानगी घ्यावी लागली नाही. आठवड्याच्या आत दिल्लीपासून मुंबईपर्यंतचे विद्यार्थी रस्त्यावर होते. खैरलांजी आणि हैदराबाद यांच्यामधील दहा वर्षांचे अंतर या चिन्हाने तोडले, हे जो नाकारील तो अप्रामाणिक होय.

इतके मान्य करून आता दुसऱ्या बाजूकडे वळू.

हाथरसचे प्रकरण घ्या. १४ सप्टेंबर २०२० रोजी उत्तर प्रदेशातील त्या जिल्ह्यात एका १९ वर्षांच्या वाल्मीकी समाजाच्या मुलीवर हल्ला झाला. २९ सप्टेंबरला दिल्लीच्या रुग्णालयात ती मरण पावली. त्याच रात्री पोलिसांनी घरच्यांना दूर ठेवून तिचे प्रेत जाळले. तेव्हा देश खडबडून उठला. तिच्या नावाचा, न्यायाच्या मागणीचा घोष लक्षावधी मोबाईलवर उमटला. मंत्री, नटनट्या, खेळाडू, कोणी म्हणून मागे राहिले नाही.

परंतु वाचकहो, तारखा पुन्हा वाचा. हल्ला १४ तारखेचा. लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने तिची वैद्यकीय तपासणी झाली २२ तारखेला. मध्ये ८ दिवस गेले. ज्याला फौजदारी कामाची थोडीशीही माहिती आहे, त्याला हे ८ दिवस म्हणजे काय ते सांगावयास नको. शरीरावरील पुरावा घड्याळाच्या काट्याबरोबर नाहीसा होत असतो. केंद्रीय अन्वेषण विभागाने डिसेंबरात जे आरोपपत्र दाखल केले, त्यात स्थानिक पोलिसांच्या ढिलाईची नोंद आहे. पुढे २ मार्च २०२३ रोजी विशेष न्यायालयाने चौघांपैकी तिघांना निर्दोष सोडले. एकाला सदोष मनुष्यवध व ॲट्रॉसिटी कायद्याखाली जन्मठेप दिली. बलात्काराचा आरोप शाबीत झाला नाही.

त्या ८ दिवसांत हा देश कोठे होता? चिन्हाचा घोष तेव्हा नव्हता, कारण तेव्हा मुलगी जिवंत होती. जिवंत दलित मुलीची जबानी ही 'बातमी' होत नाही. त्या आठवड्यात त्या कुटुंबाला गरज होती ती पोलीस ठाण्यात बरोबर येणाऱ्या एका माणसाची. फिर्यादीत कोणती कलमे लागली हे वाचून पाहणारा, तपासणी आजच झाली पाहिजे असे डॉक्टरला व फौजदाराला लेखी मागणारा, त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घेणारा एक माणूस. लक्षावधी लोकांनी १५ दिवसांनंतर जे केले, त्याहून हे एका माणसाचे पहिल्या दिवशीचे काम त्या मुलीच्या न्यायाला अधिक उपयोगी पडले असते, असे आम्ही विचारपूर्वक म्हणतो.

आणि त्या घोषाने आणखी काय केले ते पाहा. बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करू नये, असा या देशाचा कायदा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये तो होता, आताच्या न्याय संहितेच्या कलम ७२ मध्येही तो आहे. तिचे नावच चिन्ह करून दारोदार फिरविणाऱ्या सहृदय मंडळींना हा कायदा आठवला नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१८ साली, कठुआच्या अवघ्या ८ वर्षांच्या मुलीचे नाव व छायाचित्र छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बड्या बड्या वृत्तसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरावयास लावले होते. वृत्तसंस्थांना दंड करता येतो. लक्षावधींच्या जमावाला कोण दंड करणार? कोणी म्हणेल, नाव नसेल तर जनतेचे अंतःकरण हलत नाही. मग ते अंतःकरण कोणत्या दर्जाचे आहे, याचाही विचार व्हावा.

आमच्या महाराष्ट्राकडे वळू. येथे तरी काय निराळे आहे? २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) खर्डा गावी १७ वर्षांच्या एका शोषित जातीच्या विद्यार्थ्याचा भर दिवसा खून झाला. गुन्हा काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलला असा संशय. त्या वेळीही घोष झाला, मोर्चे निघाले, पुढाऱ्यांनी त्या आईबापांच्या घरी जाऊन छायाचित्रे काढून घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. का सोडले? साक्षीदार फितूर झाले म्हणून.

साक्षीदार फितूर कसा होतो, याची कल्पना शहरातील माणसाला येत नाही. त्याला त्याच गावात राहावयाचे असते. त्याची मुले त्याच शाळेत जातात, दळण त्याच गिरणीत न्यावे लागते, मजुरी त्याच पाटलाच्या मळ्यात करावी लागते. साडेतीन वर्षे त्याला रोज तेच चेहरे दिसतात. पहिल्या आठवड्यात ज्यांनी त्याच्या गावाचे नाव सर्व जगाला ऐकविले, त्यांच्यापैकी एकानेही त्या साडेतीन वर्षांत 'बाबा रे, तुझे कसे चालले आहे?' असे त्याला विचारले नाही, तर त्याने न्यायालयात काय सांगावे अशी आमची अपेक्षा आहे? ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून १५-अ हे कलम आहे. त्यात साक्षीदाराच्या संरक्षणाची, प्रवासखर्चाची, आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस फिर्यादीला मिळण्याची, त्या सुनावणीत त्याचे म्हणणे ऐकले जाण्याची सर्व तरतूद आहे. हे कलम ज्या गरिबासाठी झाले, त्याला ते ठाऊक नाही. ज्यांना ते ठाऊक आहे ते मोबाईलवर न्याय मागत आहेत!

हा दोष केवळ आमच्या लोकांचा आहे असे मात्र नव्हे. जगात जेथे जेथे हे साधन गेले, तेथे हाच अनुभव आला आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतील आहे. नायजेरियाच्या ईशान्य भागातील चिबोक गावच्या शाळेतून १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोको हराम या टोळीने २७६ मुली पळवून नेल्या. 'आमच्या मुली परत आणा' ही तेथील माणसांची मागणी चिन्ह होऊन आठवड्याभरात जगभर गेली. अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीने ते शब्द लिहिलेला कागद हाती धरून छायाचित्र काढविले. मे महिना संपता संपता जगाला दुसरे विषय मिळाले. ५७ मुली स्वतःच्या हिमतीने आरंभीच निसटल्या होत्या. उरलेल्यांपैकी २१ मुली ऑक्टोबर २०१६ मध्ये व ८२ मुली मे २०१७ मध्ये सुटल्या, त्या वाटाघाटी करून. दहा वर्षे उलटली तेव्हाही ऐंशीहून अधिक मुलींचा पत्ता नव्हता.

या कहाणीतील जो भाग जगाने पाहिला नाही, तोच आम्हाला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. नायजेरियाची राजधानी अबुजा येथे एका कारंज्याजवळ काही स्त्रीपुरुष या मुलींसाठी जमू लागले. जग विसरून गेल्यावरही ते तेथे जमत राहिले. एक दिवस नव्हे, एक महिना नव्हे, वर्षानुवर्षे. पोलिसांनी हुसकले तरी पुन्हा आले. अध्यक्ष बदलला, नव्या अध्यक्षापुढे तीच मागणी घेऊन गेले. चिन्ह त्यांचेच होते, परंतु ते चिन्हावर विसंबून राहिले नाहीत. जगाने कागद धरून छायाचित्र काढले आणि घरी गेले. यांना घरी जाण्याची सोय नव्हती.

येथे आम्हाला महाडची आठवण होणे स्वाभाविक आहे. २० मार्च १९२७ हा दिवस आमच्या मुलामुलींना पाठ आहे. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, हे चित्र प्रत्येक घरात आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला ते चित्र मोबाईलवरही फिरते. परंतु त्यानंतर काय झाले ते किती जणांना सांगता येईल? त्याच साली ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला व तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला हजारो माणसे सत्याग्रहासाठी महाडला जमली असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम तहकूब केला. केवढी निराशा झाली असेल त्या लोकांची! त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तळ्याचे पाणी न पिता हजारो माणसे शिस्तीने परत गेली, ही गोष्टही तितकीच मोठी आहे.

आणि मग खटला. हे तळे खाजगी आहे काय? स्पृश्यांचा त्यावरचा हक्क अनादिकालापासूनच्या वहिवाटीचा आहे काय? ती वहिवाट कायद्याला मान्य होण्याजोगी आहे काय? असले कोरडे प्रश्न घेऊन एकामागून एक तारखा पडत राहिल्या. महाडच्या न्यायाधीशाने निकाल दिला तो १९३१ साली. वादी अपिलात गेले, ठाण्याला १९३३ साली हरले. तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अपील फेटाळले: तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही. ओंजळीपासून निकालापर्यंत तीन दिवस कमी दहा वर्षे लागली. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. त्या सर्व धामधुमीत महाडच्या दाव्याची तारीख कोणी चुकविली नाही. ओंजळ हे आजच्या भाषेत चिन्ह होते असे म्हणता येईल. परंतु त्या चिन्हामागे दहा वर्षांची कागदपत्रे उभी होती.

आजचा घोष या बाबतीत इतका अधीर का? याचे एक कारण त्या साधनाच्या रचनेतच आहे, आणि ते आमच्या तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे. एखादा विषय 'ट्रेंड' झाला म्हणजे काय होते? त्या विषयावर एकंदर किती लोक बोलले याला तेथे फारसे महत्त्व नसते. थोड्या वेळात बोलणे किती झपाट्याने वाढले हे तेथे मोजले जाते. म्हणजे जे अकस्मात घडते ते वर येते आणि जे रोज घडते ते खाली राहते. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी पाहा. २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांची नोंद झाली ती ५७,५८२. दिवसाला १५० हून अधिक! आमच्यावरील अत्याचार ही नित्याची गोष्ट आहे, आणि जे यंत्र नित्याच्या गोष्टीकडे पाठ फिरविण्यासाठीच बांधले आहे, त्या यंत्रापुढे आम्ही न्यायाचे गाऱ्हाणे मांडत आहोत. वर्षाकाठी दोन किंवा तीन नावे त्या यंत्राला पसंत पडतात. बाकीच्या सत्तावन्न हजारांचे काय?

शिवाय तो चौक आमचा नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले होते. येथील काही स्त्रियांच्या भेटीत एका दलित कार्यकर्तीने दिलेला, ब्राह्मणी पितृसत्तेचा निषेध करणारा फलक त्यांनी हाती धरला व त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. केवढा गदारोळ! दोन दिवसांत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी माफी मागितली. पुढे २०२२ साली तो सगळा चौकच एका धनाढ्याने विकत घेतला, पुढच्या वर्षी त्याची पाटीही बदलली. आमच्या आजोबांनी चार-चार आणे वर्गणी जमवून जी पत्रे चालविली, त्यांचा कागद हलका होता, शाई पुसट होती, पण त्यांचा मालक त्यांना एका रात्रीत विकू शकत नव्हता. आमची कितीतरी साक्ष आज परक्याच्या वखारीत पडली आहे, आणि किल्ली त्याच्याकडे आहे.

बरे, चौकात आम्हीच एकटे आहोत असेही नाही. रोहितची माता आणि मुंबईत २२ मे २०१९ रोजी मरण पावलेल्या डॉ. पायल तडवीची माता, या दोघींनी त्याच साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठांतील जातीय छळाविरुद्ध २०१२ साली केलेले नियम कागदावरच राहिले आहेत, त्यांचा अंमल करा, एवढेच त्यांचे मागणे. रोहितच्या नावाचा घोष करणारे केव्हाच पांगले होते. तेलंगण पोलिसांनी मे २०२४ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, आणि रोहित अनुसूचित जातीचा नव्हताच असे त्यात म्हटले, तेव्हा ओरड झाली व पोलिसांना पुढील तपासाची भाषा करावी लागली. ती ओरड एवढ्यापुरती उपयोगी पडली खरी. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाला नवे नियम करावयास लावले ते दोन मातांच्या याचिकेने. जानेवारी २०२६ मध्ये ते नियम अधिसूचित झाले. आणि काय झाले? त्या नियमांविरुद्धही तसलेच चिन्ह घेऊन घोष उठला, आमच्यापेक्षा मोठा, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने नियमांना स्थगिती दिली. स्थगिती घोषामुळे मिळाली असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयापुढे विरोधकांच्या याचिका होत्या. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, चिन्हाच्या मैदानात मोजदाद होते ती डोक्यांची व मोबाईलची. त्या मोजदादीत अल्पसंख्य माणसाने नेहमी जिंकण्याची आशा धरणे म्हणजे ज्या बहुमताच्या जुलमापासून वाचण्यासाठी संविधानात मूलभूत हक्क घातले गेले, त्याच बहुमतापुढे कौल लावणे आहे.

कोणी विचारील, मग या चिन्हातून कधीच काही निघाले नाही काय? निघाले. जेव्हा हाकेबरोबर अंगही हलले तेव्हा निघाले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेतील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोडविणाऱ्या आमच्या बांधवांना मारहाण झाली. मारणारे इतके निर्धास्त होते की मारहाणीचे चित्रण त्यांनी स्वतःच पसरविले. ते चित्रण पाहून देश हळहळला. पण सरकार हलले ते हळहळीने नव्हे. सुरेंद्रनगरात लोकांनी मेलेली जनावरे आणून जिल्हाधिकारी कचेरीसमोर टाकली, आणि कातडी सोडविण्याचे काम बंद केले. पुढे ५ ते १५ ऑगस्टपर्यंत अहमदाबादेहून उनापर्यंत लोक चालत गेले व प्रत्येक भूमिहीन कुटुंबाला ५ एकर जमीन मागू लागले. मृत जनावरे ओढण्याचे काम सोडा, हा उपदेश बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी केला होता; तो उना प्रकरणात कृतीत आला. मार खाणाऱ्या त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये शेकडो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ज्याने काम नाकारले, रस्ता तुडविला आणि धर्म बदलला, त्याच्या हाती चिन्ह होते की नव्हते हा प्रश्न गौण आहे.

त्याच महिन्याच्या २ तारखेचा भारत बंद तर याहून मोठा. २० मार्च २०१८ रोजी, महाडच्या त्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटी कायद्याखालील अटकेला अटी घालून त्याचे दात काढले. प्रकरण महाराष्ट्रातीलच होते. कोणत्याही मोठ्या पक्षाचा हुकूम नसताना, मोबाईलवरून फिरलेल्या हाकेने २ एप्रिलला उत्तर भारत थांबला. ऑगस्टमध्ये संसदेला १८-अ हे कलम घालून कायदा पूर्ववत करावा लागला. पुढे न्यायालयानेही आपले निर्देश मागे घेतले, व २०२० साली तो बदल वैध ठरविला. हाकेने केलेले काम म्हणून याकडे अभिमानाने बोट दाखविता येईल.

पण अभिमानाबरोबर हिशेबही द्यावा लागतो. त्या एका दिवसात मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व राजस्थान मिळून किमान ९ माणसे मेली. कितीतरी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. हाक सर्वांची होती, जामीन मात्र ज्याचा त्याने शोधावयाचा होता! हाक देणाऱ्याला नाव-गाव नसते ही या साधनाची शक्ती आहे असे सांगतात. असेल. परंतु नाव-गाव नसलेल्या माणसाला वकीलपत्रावर सही करता येत नाही, जामीनदार म्हणून उभे राहता येत नाही, आणि तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन जाता येत नाही. जुन्या काळी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या तालुका शाखेत चिटणीस असे, त्याच्या घराचा पत्ता साऱ्या तालुक्याला ठाऊक असे. तो पुष्कळदा अर्धशिक्षित असे, भांडखोरही असे. परंतु त्याचा पत्ता होता.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे, व ती मोबाईल टाकून द्या अशी नाही. हाक जरूर द्या. मात्र बळी पडलेल्या स्त्रीचे नाव व छायाचित्र घालू नका, आणि जो मजकूर पाठविता त्याच्या शेवटी कोणत्या पोलीस ठाण्यात कोणता गुन्हा कितव्या क्रमांकाने नोंदला आहे ते लिहा. क्रमांक नसेल तर पहिली हाक गुन्हा नोंदवून घेण्यासाठीच असू द्या. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे की नाही ते विचारा. नियम ७ प्रमाणे तो त्याहून खालच्या दर्जाचा चालत नाही. आरोपपत्राची ६० दिवसांची मुदत केव्हा भरते ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी लागते. तुमच्या जिल्ह्यातील समितीवर अशासकीय सभासद कोण आहेत, हे वाचकहो, तुम्हाला सांगता येईल काय? गेल्या वर्षभरात तिच्या किती बैठका झाल्या, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे तिकीट लावून विचारता येते. ज्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना होते, तेथे वंदनेनंतर अर्धा तास या कामाला देता येईल. एक जाड वही घ्यावी. पहिल्या रकान्यात गुन्ह्याचा क्रमांक व ठाणे, दुसऱ्यात आरोपपत्राची तारीख, तिसऱ्यात विशेष न्यायालयातील खटल्याचा क्रमांक, चौथ्यात साक्षीदाराच्या गावी गेल्या महिन्यात कोण जाऊन आले त्याचे नाव. पाचवा रकाना पुढील तारखेचा. तो रिकामा दिसला की त्या रविवारी तो भरल्याशिवाय वही मिटू नये, आणि त्या तारखेला सकाळी ११ वाजता न्यायालयाच्या आवारात विहारातील निदान दोन माणसे हजर असावीत.